मुक्कामी डॉक्टर

खिसे रिकामे करा. मोबाईल, आधार कार्ड, एटीएम, सगळं आपल्या परभणीजवळच्या पेडगावातच ठेवून निघायचं आहे. तापाच्या गोळ्या आणि अँटिबायोटिकची पाकिटंही ठेवा. जिथं जायचंय तिथल्या दवाखान्यांत पेनिसिलीन अजून पोचलेलं नाही.

परभणीत शिकून तुम्ही डॉक्टर झाला आहात, किंवा परिचारिका. बाहेरच्या देशात एखाद्या दवाखान्यात सेवा करायला जावं असं मनात आहे आणि अर्जही भरून ठेवलाय. अर्ज पाठवण्याआधी एकदा मागे चला, 1938 सालात. सोलापूरचा एक पोरगेला डॉक्टर याच कामासाठी निघाला आहे. त्याच्यासोबत चार वर्षं काढा आणि मग अर्जाचं काय ते ठरवा.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. पोळा होऊन तीन-चार दिवस झालेत, बैलांच्या शिंगांवरचा रंग उतरलेला नाही. शिवारात ज्वारी आणि कापूस उभा आहे. मुलूख निजामाचा. कचेरीतले कागद उर्दूत आणि बाजारातला पैसा हाली. हा हाली रुपया ब्रिटिश हद्दीत चालत नाही, तेव्हा जवळ थोडे कलदार रुपये असू द्या. पारावर लोक हळू आवाजात बोलतात. पुढच्या महिन्यात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी येणार आहे आणि ऑक्टोबरात स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रह करून तुरुंगात जाणार आहेत. स्वतःच्याच घराला आग लागलेली असताना कुणी चीनला कशाला जाईल, हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. त्याचं उत्तर मुंबईच्या धक्क्यावर आहे.

परभणीहून मनमाडची गाडी धरा. रूळ मीटरगेज, डबे लहान. सेलू, परतूर, जालना, औरंगाबाद मागे पडतात. रोटेगाव, नगरसोल करत गाडी मनमाडला लागली की सामान डोक्यावर घेऊन पलीकडच्या फलाटावर जायचं. तिथून मोठ्या रुळाची गाडी. मुंबईत गणपती बसले आहेत, गल्लोगल्ली आरत्या चालू आहेत.

1 सप्टेंबर 1938. पी अँड ओ कंपनीचं ‘राजपुताना’ जहाज सुटायच्या तयारीत आहे. निरोपाच्या गर्दीत पाच डॉक्टर दिसतील. सर्वांत पुढे अलाहाबादचे डॉ. मदन अटल. ते या पथकाचे प्रमुख, स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले. वयानं सगळ्यांत थोरले नागपूरचे डॉ. चोळकर. कलकत्त्याचे दोघं, बिजयकुमार बसू आणि देबेश मुखर्जी. पाचवे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. वय सत्तावीस. जन्म सोलापूरचा, 10 ऑक्टोबर 1910. शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात. पुढच्या परीक्षेचा अभ्यास चालू होता, तो बाजूला ठेवून आले आहेत. 1930 साली सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले, तेव्हा हा मुलगा विशीत होता. दुसऱ्याच्या अंगणात शिरलेली फौज म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एक गोष्ट इथं नीट पाहून घ्या. हे पाचजण आपणहून उठून निघालेले नाहीत. 1937 साली जपानी फौजा चीनमध्ये घुसल्या, तेव्हा चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट सेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना आवाहन केलं, सुमारे 22,000 रुपये गोळा झाले, रुग्णवाहिका आणि औषधांची खोकी घेतली गेली. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशानं दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठवले, तेही त्यांनी मागितले म्हणून. माझ्या मते परक्या मुलखात सेवेला जाणाऱ्यानं पहिलं हेच विचारावं, की मला बोलावलं कुणी? तुम्ही भरलेल्या अर्जात तुमच्या आवडीनिवडीचे रकाने बरेच आहेत. तिथल्या लोकांना काय हवंय, याला किती जागा ठेवली आहे ते आठवून पाहा.

यादीत तुमचं नाव नाही. खोकी उचलणाऱ्या हमालांमध्ये मिसळा आणि चढा.

समुद्राचा प्रवास पटकन सरतो. 17 सप्टेंबरला कँटन. सन यत्‌सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग स्वागताला आल्या आहेत. महिनाअखेर हँकौ. तिथल्या इस्पितळांत बाँबहल्ल्यातले जखमी जमिनीवर ओळीनं झोपवलेले आहेत. ऑक्टोबर संपायच्या आत कँटन आणि हँकौ दोन्ही शहरं जपान्यांच्या हाती जातात, पण तोवर तुम्ही यांगत्से नदीवरून वर सरकलेले असता. मुक्काम चुंगकिंग.

चुंगकिंगला पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळतात. शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे तान युन-शान यांनी ती बसवून दिली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव झालं के दिहुआ. इथेच घरून बातमी येते, वडील गेले. शांताराम कोटणीस सोलापूरच्या गिरणीत कारकून, घर मोठं, मिळकत बेताची. दहाव्याला पोचणं शक्यच नाही, तरी सोबती म्हणतात, परत जा, आई आहे, भावंडं आहेत. कोटणीस जात नाहीत. तुम्हाला हे पटेलच असं नाही. आपल्याकडे बापाच्या मागं घराला खांदा न देणाऱ्या मुलाबद्दल लोक काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते बोलणं निव्वळ वाईट नसतं. मीही या निर्णयाचे गोडवे गाणार नाही. सोलापुरात त्या घरानं जे सोसलं, तोही या सेवेचा खर्च होता आणि तो त्यांना विचारून झालेला नव्हता, एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला.

फेब्रुवारी 1939. यानान, आठव्या रूट सेनेचा तळ. पिवळ्या मातीचे डोंगर, आणि डोंगरात कोरलेली घरं. इस्पितळही तसंच, गुहांच्या रांगेत. दारातून आत जाताना वाकावं लागतं. कमान, खिडकीला कागद, झोपायला मातीचा ओटा, त्याच्या पोटातून चुलीची ऊब. जेवायला पहिल्या दिवशी वाडग्यात पिवळे बारीक दाणे येतात. परदेशी पाहुणा असता तर विचारलं असतं, हे काय? तुम्ही एक घास घेता आणि ओळखता, राळे. तुमच्या आजीनं केलेला राळ्याचा भात. पुढे पूर्वेकडे गेल्यावर शेतात ज्वारीही भेटेल. ज्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी मोती’सारखं वाण काढलं, तिथल्या माणसाला उत्तर चीनमध्ये कणसं पाहून परकं वाटायचं काही कारण नाही.

परकी आहे ती भाषा. पहिले महिने रोग्याशी सगळं बोलणं दुभाष्याकडून. तुमच्याकडच्या ओपीडीत कुणी तरी यावं आणि ‘पोटात गोळा उठतोय’, ‘अंगात कसर आहे’ हे त्याला दुसऱ्यानं समजावून सांगावं, तसली ही अडचण. दुखणं सांगताना माणूस जे शब्द वापरतो त्यात अर्धं निदान असतं, आणि दुभाषी नेमका तोच भाग गाळतो. कोटणीस चिनी शिकायला बसतात. बोलायला आणि लिहायलाही. ती अक्षरं पाठ करायची म्हणजे काय कष्ट आहेत ते शेजारी बसून पाहा. कारण या चार वर्षांत त्यांच्या हातून जे मोठं काम झालं त्यातलं बरंचसं या बैठकीत तयार झालं, असं मला वाटतं.

त्याच वर्षी चोळकर आणि मुखर्जी भारतात परततात, पुढल्या वर्षी अटलही. वय आणि आजारपण ही साधी माणसाची कारणं आहेत, त्यात कमीपणा काही नाही. त्यांनी केलं ते केलंच. नोव्हेंबर 1939 मध्ये अटल, बसू आणि कोटणीस आघाडीकडे निघाले होते. त्याच महिन्याच्या 12 तारखेला तिथं आघाडीवर काम करणारे कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून वारले. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली, विष रक्तात भिनलं. ज्या माणसाच्या मदतीला जायचं तो माणूस वाटेत असतानाच गेला.

जून 1940 मध्ये तुम्ही होपेई प्रांतातल्या तांग परगण्यात पोचता, चुनचेंग गावाजवळ बेथून यांची समाधी आहे तिथं. समाधीच्या कार्यक्रमात कोटणीस बोलायला उभे राहतात. गर्दीत वैद्यकीय शाळेत शुश्रूषा शिकवणारी एक तरुण शिक्षिका आहे, कुओ चिंग-लान. तिनं त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते इथं.

आता शरद ऋतू, 1940. आठव्या रूट सेनेनं शंभरावर पलटणी एकदम उतरवून जपान्यांच्या रेल्वे आणि ठाण्यांवर हल्ले सुरू केले आहेत. लढाईच्या पाठीमागे, डोंगरातल्या एका गावात, तुमचा दवाखाना. दवाखाना म्हणजे रिकामं केलेलं घर, दोन दरवाजे जोडून केलेलं टेबल, वरून धूळ पडू नये म्हणून ताणलेली चादर. सामान खेचरांच्या पाठीवरून आलं आहे. पेट्यांची ही रचना बेथून यांनी बसवली होती, पेटी उघडली की अर्ध्या तासात शस्त्रक्रियेची खोली उभी. त्यांचा आग्रह असा की डॉक्टरनं जखमीकडे जावं, जखमी डॉक्टरकडे येईपर्यंत थांबू नये. कारण सरळ आहे. गोळी लागलेल्या पायात माती आणि कापडाचे तुकडे शिरतात. शेतकरी रात्रभर स्ट्रेचर खांद्यावर घेऊन डोंगर उतरतात, आणि तो पाय दोन दिवसांनी टेबलावर आला तर स्नायूत सडकेपणा धरतो. वेळेत आला तर पाय वाचतो, उशीर झाला तर कापावा लागतो.

तुम्हाला काम मिळतं ते पट्ट्यांचं. तुमची पदवी इथं कुणी विचारत नाही. रक्तानं कडक झालेल्या पट्ट्यांचा ढीग घेऊन ओढ्यावर जायचं. आधी थंड पाणी. घाईनं गरम पाण्यात टाकल्या तर रक्त गोठून धाग्यात बसतं आणि पट्टी कायमची खरखरीत होते, मग ती पुढच्या जखमेला बोचते. दगडावर आपटायच्या नाहीत, सुती जाळी फाटते. चोळून, पिळून, पुन्हा पाण्यातून काढून, पाणी नितळ निघेपर्यंत. नंतर मोठ्या कढईत उकळायच्या, दोरीवर वाळवायच्या, आणि मांडीवर ठेवून घट्ट गुंडाळायच्या. सैल गुंडाळली तर बांधणाऱ्याच्या हातातून निसटून जमिनीवर लोळते, म्हणजे पुन्हा ओढा. एकच पट्टी किती जणांच्या अंगावरून गेली आहे याचा हिशोब कुणी ठेवत नाही. नवीन येणार नाही, कारण बाहेरून औषधपाणी येण्याच्या वाटा बंद आहेत.

दुसऱ्या रात्री तुम्हाला आत बोलावतात. भूल द्यायला माणूस कमी पडतो. तोंडावर जाळी, जाळीवर फडकं, फडक्यावर थेंब थेंब क्लोरोफॉर्म. तुमची नजर छातीवर आणि बुबुळांवर. समोर कोटणीस जखम मोकळी करत आहेत. मेलेला स्नायू ओळखायच्या खुणा ते हात चालवता चालवता शेजारच्या मुलाला चिनीतून सांगतात. रंग बघ. चिमट्यात धरल्यावर आकसतो का ते बघ. कापल्यावर रक्त येतं का ते बघ. तिन्ही नसेल तर काढायचं, हयगय करायची नाही, आणि जखम शिवून बंद करायची नाही, उघडी ठेवायची. मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा. पुढच्या जखमीच्या वेळी चिमटा त्याच्या हातात असतो आणि कोटणीस बाजूला उभे राहून बघतात.

त्या मोहिमेत 13 दिवसांत 800हून अधिक जखमी त्यांच्या पथकाकडे आले. इतकी गर्दी असताना शिकाऊ मुलाच्या हाती चिमटा देणं म्हणजे दर जखमीमागे वेळ मोडणं. घाईत असलेला चांगला सर्जन हे करत नाही, तो स्वतः भराभर हात चालवतो आणि लोक त्याची वाहवा करतात. कोटणीसांनी वेळ मोडला.

जानेवारी 1941. बेथून यांच्या नावानं उभं राहिलेलं आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय, आणि त्याचे पहिले संचालक म्हणून कोटणीसांची नेमणूक. इस्पितळाला शाळा जोडलेली आहे. शाळा म्हणजे एका गावातून दुसऱ्या गावात हलणारा वर्ग. झाडाखाली बसायचं, मांडीवर वही, फळा दोरीनं टांगलेला. त्या वर्षीच्या शरदात जपानी फौजा डोंगर पिंजून काढतात तेव्हा रोगी, पेट्या, वह्या सगळं उचलून रात्रीतून दुसऱ्या घळीत. दिवस उजाडला की शल्यशास्त्राचा तास पुन्हा सुरू. वर्ग चिनीत. पुस्तक नाही म्हणून कोटणीस स्वतः लिहायला घेतात, शल्यचिकित्सेची मूलतत्त्वं, तेही चिनीत. मुलं त्यांना ‘लाओ के’ म्हणतात, आपण ‘के बुवा’ म्हणू तसं.

पेडगावच्या माणसाला एक शब्द पक्का समजतो, मुक्कामी गाडी. दिवसभर रस्त्यानं कितीही गाड्या गेल्या तरी गावाचा भरवसा रात्री गावात उभ्या राहणाऱ्या एसटीवर असतो, कारण पहाटे निघायचं असेल तर तीच आहे. कोटणीस त्या डोंगरात मुक्कामी डॉक्टर झाले. मराठवाड्यात गेली कित्येक वर्षं गावोगावचं गाऱ्हाणं एकच आहे, की डॉक्टर मुख्यालयी राहत नाहीत. इमारत आहे, खाटा आहेत, फलकावर नाव आहे, आणि संध्याकाळी पाचनंतर साप चावला तर परभणी गाठा. आणि हीच आपली मुलं पंधरा दिवसांची परदेशातली सेवा करून येतात, तिथल्या लेकरांना कडेवर घेतलेले फोटो लावतात. मला याचा त्रास होतो, हे स्पष्ट सांगतो. पंधरा दिवसांच्या पाहुण्याला भाषा येत नाही, वाटा ठाऊक नसतात, त्याला सांभाळायला तिथल्याच एका परिचारिकेला आपलं काम सोडावं लागतं, आणि त्यानं घातलेले टाके काढायच्या दिवशी तो विमानात असतो. शस्त्रक्रिया शिकवणारा, यंत्र दुरुस्त करणारा, महापुरात धावून जाणारा माणूस थोड्या दिवसांतही खरं काम करतो. तसा काही हेतू असेल तर जरूर जा. नुसतंच जायचं असेल तर पाहुणचाराचं ओझं कुणावर पडतंय ते आधी बघा.

25 नोव्हेंबर 1941 ला कोटणीस आणि कुओ चिंग-लान यांचं लग्न होतं. 23 ऑगस्ट 1942 ला मुलगा. सेनापती न्ये रुंगचेन त्याचं नाव ठेवतात यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

याच काळात तुम्ही एक गोष्ट पाहता, ती वर्गातल्या मुलांपासून लपवण्याचा प्रयत्न चालतो. कोटणीसांना फेफरं येतं. पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा तुम्ही धावलात, कुशीवर वळवलंत, डोक्याखाली रजई सारली, झटका थांबेपर्यंत हात धरून बसलात. झटके जवळजवळ यायला लागतात. उपचारासाठी बाहेर जा, बरे होऊन या, असा आग्रह होतो. ते नाही म्हणतात. डॉक्टर म्हणून तुम्हाला कळतं की हा निर्णय चूक आहे, आणि त्या तळावरच्या इतरांनाही कळत होतं. ज्यानं शेकडो जणांना वेळेत टेबलावर आणायचा आग्रह धरला, त्यानं स्वतःला वेळेत कुणाच्या हवाली केलं नाही. थोर माणसाचं हेही जसंच्या तसं बघायला हवं. इतकं केलं म्हणून अशा वागण्याचं कौतुक करणं धोक्याचं आहे, तुमच्याही धंद्यात त्यानं माणसं मेली आहेत.

8 डिसेंबर 1942, गेगुंग गाव. शल्यशास्त्राच्या दुसऱ्या पुस्तकाचं लिखाण चालू आहे. रात्री झटका येतो, मग दुसरा, मग थांबतच नाहीत. तुमच्या त्या मागे ठेवलेल्या जगात अशा वेळी शिरेतून द्यायची औषधं आहेत, इथं नाहीत. 9 डिसेंबरच्या पहाटे ते जातात. वय बत्तीस. मूल साडेतीन महिन्यांचं.

माओ शोकसंदेश पाठवतात. नंतर शिचियाच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी बांधली जाते, बेथून यांच्या समाधीच्या आवारातच. 1946 साली व्ही. शांताराम ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढतात आणि स्वतः कोटणीस होतात. यिनहुआ 1967 मध्ये तरुणपणीच वारला. कुओ चिंग-लान 2012 पर्यंत होत्या. यातलं बरंच तुम्ही शाळेत ऐकलं असेल. त्या फिरत्या शाळेचं काय झालं ते सहसा कुणी सांगत नाही. ती वाढत गेली, बेथून यांचं नाव घेऊन चांगचुनला स्थिरावली, आणि आज तिथल्या चिलिन विद्यापीठाची वैद्यकीय शाखा म्हणून चालू आहे.

पण तुम्ही अजून डिसेंबर 1942 मध्येच आहात. यानानला असलेले बसू पुढच्या वर्षी भारतात परतणार आहेत, त्यांच्यासोबत तुम्हाला येता येईल. इकडे शाळेला सुट्टी नाही. टेबलावर हस्तलिखित आहे, निम्मं झालेलं, आणि ते वाचण्याइतकं चिनी तुम्हाला आता येतं. मुलं वह्या घेऊन बसली आहेत. पुढचा धडा कुणी घ्यायचा, असं त्यातली एकजण तुम्हालाच विचारते आहे.